इंजिनाचा नंबर काय?

संगीतकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पियानो, व्हायोलिन, लांब केस आणि कुठेतरी हरवलेली नजर. पण प्रागच्या स्टेशनवर रोज हजेरी लावणारा, कुठली गाडी कुठल्या इंजिनाने ओढली याची नोंद ठेवणारा संगीतकार तुम्हाला माहीत आहे का? त्याचं नाव अंतोनिन द्वोर्झाक. ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीवाला.

कॉन्व्हेंटमध्ये असताना म्युझिकच्या तासाला त्या सिम्फनीतली संथ धून आम्हाला ऐकवायचे. तेव्हा माझ्यासाठी तो फक्त भिंतीवरचा एक दाढीवाला फोटो होता. तो रेल्वेवेडा होता हे मी इंजिनिअरिंगला आल्यावर वाचलं, आणि हा माणूस एकदम आपल्यातला वाटायला लागला.

द्वोर्झाकचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ चा. प्रागच्या उत्तरेला व्ल्तावा नदीकाठी नेलाहोझेव्हेस नावाचं छोटंसं गाव आहे, तिथला. वडील खाटीक, शिवाय खानावळ चालवायचे. अंतोनिन लहान असतानाच गावातून प्राग-ड्रेस्डेन रेल्वेचं काम सुरू झालं. बोगदे खणले गेले, रूळ पडले आणि १८५० मध्ये घराजवळून गाडी धावायला लागली. त्या वयात वाफेचं इंजिन बघितल्यावर पोराचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

१८५७ मध्ये तो प्रागच्या ऑर्गन स्कूलमध्ये शिकायला गेला. पुढची कित्येक वर्षं नाटकाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवून पोट भरलं. १८७३ मध्ये लग्न झालं, पण १८७५ ते १८७७ या काळात तीन मुलं एकामागून एक गेली. मग ब्राह्म्स या मोठ्या संगीतकाराने त्याचं काम पाहून आपल्या प्रकाशकाकडे शिफारस केली, आणि १८७८ च्या ‘स्लाव्होनिक डान्सेस’नी तो युरोपभर गाजला.

प्रागमध्ये त्याचं घर झित्ना नावाच्या रस्त्यावर होतं. तिथून फ्रान्झ जोसेफ स्टेशन (म्हणजे आजचं प्राग मेन स्टेशन) चालत जाण्यासारखं. मग काय! स्टेशनवर जायचं, ड्रायव्हर लोकांशी ओळखी काढायच्या, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ करायच्या, इंजिनांचे नंबर बघायचे. १८९१ पासून तो प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत प्रोफेसर होता. स्वतःला वेळ नसला की तो चक्क विद्यार्थ्यांना स्टेशनवर पिटाळायचा. आपले सर आपल्याला जर्नल पूर्ण करायला लावतात, तसंच थोडंसं.

योसेफ सुक हा त्याचा लाडका विद्यार्थी आणि होणारा जावई. त्याचा किस्सा तर फारच भारी आहे. असं सांगतात की द्वोर्झाकने त्याला एका गाडीच्या इंजिनाचा नंबर आणायला पाठवलं. हा बिचारा गेला आणि टेंडरचा नंबर घेऊन आला. टेंडर म्हणजे इंजिनामागे कोळसा आणि पाणी वाहून नेणारा डबा, त्याचा नंबर वेगळा असतो. सासरेबुवा वैतागले आणि असल्या मुलाशी लग्न करायचंय का तुला, असं मुलीलाच विचारते झाले. लग्न मात्र १८९८ मध्ये झालं बरं का!

त्याहून मला आवडलेली गोष्ट सातव्या सिम्फनीची. १८८४ मध्ये पेस्टहून एक खास गाडी प्रागच्या स्टेशनात शिरत होती, तेव्हा त्याला या सिम्फनीची मुख्य धून सुचली. ही काही ऐकीव गोष्ट नाही, स्वतः द्वोर्झाकने हस्तलिखितावर तशी नोंद केली आहे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली.

१८९२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा डायरेक्टर झाला. पगार वर्षाला १५,००० डॉलर! पण तिथे एक पंचाईत झाली. तिकीट नसेल तर प्लॅटफॉर्मवर सोडत नसत. दुसरा कुणी असता तर गप्प घरी बसला असता. हा मात्र सतराव्या रस्त्यावरच्या घरातून निघून उन्नत रेल्वेने थेट १५५ व्या रस्त्यापर्यंत जायचा. का, तर तिथून शिकागोला जाणारी एक्स्प्रेस बघायला मिळायची. गाडी धडधडत जाणार काही सेकंदांत, आणि त्यासाठी जाण्यायेण्याचा एवढा खटाटोप! याच मुक्कामात १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी पहिल्यांदा वाजली.

या वेडाचा त्याला उपयोग काय झाला, असा प्रश्न आपल्याला लगेच पडतो. त्याच्या ‘अमेरिकन’ क्वार्टेटच्या शेवटच्या भागात काहींना चाकांची लय ऐकू येते. मला विचाराल तर असा हिशेब मांडायची गरजच नाही. इंजिनाचे असंख्य भाग, प्रत्येकाला आपापली जागा आणि काम, अगदी लहान स्क्रूसुद्धा काहीतरी धरून ठेवतोय, आणि या सगळ्यातून ते धूड हलतं, याचं त्याला मनापासून नवल वाटायचं. इंजिनाचा शोध आपल्या हातून लागला असता तर बदल्यात सगळ्या सिम्फनीज दिल्या असत्या, असंही तो म्हणे, असं सांगतात.

आपण चार वर्षं यंत्रंच शिकतो. डायग्राम पाठ करतो, व्हायव्हात सांगतो आणि सबमिशन झालं की विसरतो. मार्कांत येत नाही ते बघायचं कशाला, ही सवय आपल्याला कधी लागली ते कळलंही नाही. ज्याला कुठलीही परीक्षा द्यायची नव्हती त्या द्वोर्झाकला मात्र इंजिन आणि टेंडर यांच्या नंबरातला घोळ खपत नव्हता. नवल वाटणं आणि नीट बघणं, या दोन्ही गोष्टी त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.

१ मे १९०४ ला प्रागमध्ये त्याचं निधन झालं. पुढे प्राग-व्हिएन्ना मार्गावरच्या एका गाडीला त्याचंच नाव दिलं गेलं. तो असता तर गाडीवरचं स्वतःचं नाव त्याने बघितलं असतं की नाही कोण जाणे, इंजिनाचा नंबर मात्र नक्की बघितला असता!