नगरचा विनोदवीर स्पाइक मिलिगन

इंग्रजी विनोदाला नवे वळण देणारे स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. आयरिश वडील ब्रिटिश लष्करात असल्याने त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत ते जखमी झाले. मनोविकाराने पुढे त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. तरीही १९५१ ते १९६० या काळात त्यांच्या ‘द गून शो’ने बीबीसी रेडिओ गाजवला.

ब्रिटिश पारपत्र नाकारले गेल्याने त्यांनी आयर्लंडचे नागरिकत्व पत्करले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पकून’ या अद्भुत विनोदी कादंबरीत नवी सीमारेषा आयरिश खेड्याचे दोन तुकडे करते आणि दफनासाठी मृतालाही पारपत्र लागते. नायक तर स्वतःच्या पायांवरून थेट लेखकाशीच भांडतो.

या कादंबरीवरील चित्रपट २००२ मध्ये तयार झाला. लेखकाच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो होते. खेडे दिसले, सीमाही दिसली. मात्र केवळ शब्दांत रंगणारे ते भांडण पडद्यावर फिके पडले. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला मिलिगन यांचे निधन झाले. त्यांच्या प्रतिभेची ओळख करून घ्यायची, तर आजही मूळ कादंबरीकडेच वळावे लागते.