किलो की न्यूटन? हा घोळ ज्याने सोडवला त्या शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट

गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की त्यातल्या पाण्याचं वजन किती? आपण सांगणार, हजार किलो. इंजिनिअरच्या कागदावर मात्र ९.८१ किलोन्यूटन असं लिहिलेलं असतं. आता हे न्यूटन मध्येच कुठून आले?

तर त्यासाठी थेट इंग्लंडमधल्या वुल्सथॉर्प गावात जायला लागतं.

तिथे २५ डिसेंबर १६४२ ला, म्हणजे तेव्हाच्या इंग्लिश कॅलेंडरप्रमाणे, आयझॅक न्यूटन जन्मला. वडील शेतकरी. ते पोराच्या जन्माआधी तीन महिने वारले. आयझॅक तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि तो आजीकडे राहिला. पुढे आईने त्याला शाळेतून काढून शेतीला जुंपलं, पण त्याचं मन काही तिथे रमेना. शेवटी मामा आणि मास्तरांनी आईची समजूत घातली. १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. फी परवडावी म्हणून तिथे त्याला वरकामंही करावी लागायची.

१६६५ ला प्लेगची साथ आली, कॉलेज बंद पडलं आणि तो घरी परतला. गुरुत्वाकर्षणाचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला तो याच काळात.

त्यावरचं 'प्रिन्सिपिया' हे पुस्तक यायला मात्र १६८७ साल उजाडलं. छपाईचा खर्च एडमंड हॅली या मित्राने केला. पुस्तकातली पहिलीच व्याख्या वस्तुमानाची आहे. घनता गुणिले आकारमान म्हणजे वस्तुमान, अर्थात वस्तूत द्रव्य किती आहे ते. आणि वजन म्हणजे त्या द्रव्याला पृथ्वी ज्या बलाने खाली ओढते ते.

हे त्याने तपासूनही पाहिलं. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू यांचे लंबक करून त्याने झुलवले. सगळे एकाच तालात झुलले. म्हणजे एका जागी वजन हे वस्तुमानाच्याच प्रमाणात असतं.

पण जागा बदलली तर? १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. न्यूटनने कारण सांगितलं की तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे. द्रव्य तेवढंच, वजन मात्र कमी.

१६९६ पासून न्यूटन लंडनच्या टांकसाळीत अधिकारी होता. नाण्यांचं वजन आणि शुद्धता यावर त्याची करडी नजर असायची. १७२७ मध्ये तो गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचं दफन झालं. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने बलाच्या एककाला त्याचं नाव दिलं.

आता परत आपल्या घराकडे येऊ. १० बाय १० फुटांच्या खोलीवर १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब आहे असं समजा. काँक्रीट भरतं साधारण १.१६ घनमीटर. सळईसकट काँक्रीटची घनता घनमीटरला २५०० किलो धरतात, म्हणजे वस्तुमान झालं २९०० किलो. त्याला ९.८१ ने गुणलं की भार येतो सुमारे २८,५०० न्यूटन, म्हणजेच २८.५ किलोन्यूटन.

हा गुणाकार राहिला आणि २९०० हा आकडाच कुणी न्यूटन समजून वापरला, तर कागदावर भार दिसेल खऱ्याच्या जेमतेम एक दशांश. त्या हिशोबाने बीम आणि कॉलम उभे केले, तर ते खरं ओझं पेलणार नाहीत.

म्हणून घराचा लोड काढताना आकडा बघायच्या आधी त्याच्यापुढचं एकक बघायचं. किलो असेल तर ते द्रव्य, न्यूटन असेल तर तो भार.