गार्सिया द ओर्ता : ग्रंथ आणि मौन

पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद येथे १५०१च्या सुमारास जन्मलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी कुटुंबातील होता. १५३४मध्ये तो तिसवाडी बेटावरील गोवा नगरीत आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६३मध्ये त्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ तेथेच छापला गेला. प्राचीन आचार्यांची मते निःशंकपणे खोडून काढणारा हा ग्रंथकार स्वतःच्या वंशाविषयी मात्र मौन पाळतो. १५६८मध्ये तो निवर्तला. १५६९मध्ये त्याची बहीण कातारिना हिला गुप्त यहुदी आचाराच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८०मध्ये त्याच्याही अस्थी उकरून जाळल्या गेल्या. त्या मौनाचा विचार केल्यावाचून या ग्रंथाचे वाचन अपुरेच राहते.