पाण्याचा ट्रेस आयडी: जॉर्ज हेवेशी यांची गोष्ट

2016 चा उन्हाळा आम्ही लातूरकर विसरू शकत नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तोच हा उन्हाळा. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. गावाकडं आमच्या शेतातल्या बोअरला दोन इंच पाणी होतं. शेजारच्या काकांनी बांधापलीकडं नवीन बोअर मारला आणि काही दिवसांतच आमच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली. पप्पांचं ठाम मत झालं की काकांनी आमचा झरा ओढला. काकांचं म्हणणं, पाऊसच नाही तर झरा राहील कुठून? तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद. गंमत म्हणजे पुरावा दोघांकडंही नव्हता.

पुढं मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो आणि तिथं एक गोष्ट शिकलो. तुम्ही फोनवरून जेवण मागवता तेव्हा तुमची रिक्वेस्ट मागे पंधरा-वीस वेगवेगळ्या सर्व्हिसमधून फिरते. पेमेंट कुठं अडकलं हे शोधायचं तर आम्ही अंदाज बांधत बसत नाही. रिक्वेस्टला सुरुवातीलाच एक नंबर चिकटवतो, त्याला ट्रेस आयडी म्हणतात. तो नंबर कुठं कुठं दिसला ते पाहिलं की सगळा रस्ता उलगडतो. मला वाटायचं ही आमच्याच क्षेत्राची आयडिया. पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने चक्क अणूंना ट्रेस आयडी लावला होता. आज त्यांचीच गोष्ट.

जमलं नाही, म्हणून सापडलं

जॉर्ज हेवेशी यांचा जन्म 1 ऑगस्ट 1885 चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. 1908 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि 1911 मध्ये ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथं शिशाचा मोठा साठा पडून होता. त्यात ‘रेडियम डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. रदरफर्डनी काम दिलं की शिसं बाजूला करून रेडियम डी वेगळा काढ.

हेवेशी यांनी जवळपास दोन वर्षं घालवली. जमलं नाही. जमणार तरी कसं? रेडियम डी हे मुळात शिसंच होतं, फक्त किरणोत्सारी. एकाच मूलद्रव्याची अशी वेगवेगळ्या वजनाची रूपं म्हणजे समस्थानिक. ही कल्पना तेव्हा नुकती आकार घेत होती.

दुसरा कोणी असता तर विषय सोडून दिला असता. हेवेशी यांनी प्रश्नच उलटा केला. हे दोन वेगळे होतच नाहीत ना? मग रेडियम डी जिथं जाईल, तिथं साधं शिसंही गेलंच असणार. म्हणजे चिमूटभर किरणोत्सारी शिसं मिसळायचं आणि किरणं मोजत बाकीच्या शिशाचा माग काढायचा. 1913 मध्ये व्हिएन्नात फ्रिडरिश पानेथ यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत वापरून दाखवली. शिशाचे जे क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, ते नेमके किती विरघळतात हे त्यांनी मोजलं.

मँचेस्टरचाच एक किस्सा ते पुढं स्वतः सांगायचे. ते जिथं राहायचे तिथल्या घरमालकीण बाई ताटात उरलेलं मांस पुन्हा दुसऱ्या पदार्थात घालून वाढतात, असा त्यांना संशय होता. बाई अर्थातच मानायच्या नाहीत. एका रविवारी हेवेशी यांनी उरलेल्या घासांत किंचित किरणोत्सारी पदार्थ टाकला. काही दिवसांनी ताटात नवीन पदार्थ आला, तेव्हा त्याच्याजवळ किरणं ओळखणारं उपकरण धरलं. उपकरणाने इशारा दिला आणि वाद मिटला. (असलं काही आज घरी करायचं नाही, हे सांगायला नकोच.)

घेवड्यापासून नोबेलपर्यंत

1920 मध्ये ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत गेले. तिथं डर्क कोस्टर यांच्यासोबत त्यांनी हाफ्नियम हे नवं मूलद्रव्य शोधलं. 1923 मध्ये त्यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांना किरणोत्सारी शिसं पाजलं आणि ते मुळांतून कुठं कुठं चढतं ते पाहिलं. सजीवात माग काढण्याचा हा पहिला प्रयोग. 1934 मध्ये त्यांनी जड पाणी प्यायला देऊन पाण्याचा रेणू आपल्या शरीरात साधारण किती दिवस मुक्काम करतो हे मोजलं. उत्तर आलं सुमारे दोन आठवडे.

याच काळात ते ज्यू वंशाचे म्हणून नाझी जर्मनी सोडून पुन्हा कोपनहेगनला आले होते. 1940 मध्ये जर्मन फौजा तिथंही पोहोचल्या. संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं ठेवलेली होती, त्यांवर नावं कोरलेली. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता. हेवेशी यांनी पदकं आम्लराजात विरघळवून टाकली आणि ती बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपेपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. नंतर त्याच सोन्यातून पदकं पुन्हा घडवली गेली.

1943 मध्ये ते स्वीडनला निसटले. माग काढण्याच्या याच पद्धतीसाठी त्यांना रसायनशास्त्राचं 1943 चं नोबेल मिळालं. 5 जुलै 1966 रोजी फ्रायबर्गमध्ये ते वारले.

जमिनीखालचा रस्ता

हीच युक्ती पुढं जमिनीखालच्या गरम पाण्यासाठी वापरली गेली. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. लहानपणी आजीसोबत गेलो होतो, तेव्हा कुंडातलं गरम पाणी बघून वाटलं खाली कोणीतरी चूल पेटवलीय. खरं तर पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

न्यूझीलंडमध्ये वैराकेईला असल्याच, पण कितीतरी जास्त गरम पाण्यावर 1958 पासून वीज बनते. अशा वीजकेंद्रांत थंड झालेलं पाणी बऱ्याचदा दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. धोका हा की मध्ये थेट भेग असेल, तर थंड पाणी न तापताच गरम विहिरीत येतं आणि हळूहळू विहीर थंड पडते. म्हणून आधी त्या पाण्यात रंग किंवा किरणोत्सारी आयोडीन-131 सोडतात आणि आजूबाजूच्या विहिरींतून नमुने घेत राहतात. आयोडीन किती तासांनी किंवा दिवसांनी आलं आणि किती आलं, यावरून भेग केवढी आणि किती सरळ आहे याचा अंदाज येतो. खडक गार व्हायला वेळ लागतो, पण खूण लवकर पोहोचते. त्यामुळं इशारा आधीच मिळतो. आयोडीन-131 चं अर्धायुष्य फक्त 8 दिवसांचं, त्यामुळं ते फार काळ मागे राहत नाही.

चांगल्या खुणेच्या अटी आमच्या ट्रेस आयडीसारख्याच: ती आधीपासून तिथं नसावी, वाटेत बदलू नये आणि थोडी असली तरी ओळखू यावी.

आणि आमचा बोअर?

आमच्या बेसाल्टमध्येही पाणी भेगांतूनच फिरतं. त्यामुळं शेजारचे दोन बोअर जोडलेले असू शकतात, नसूही शकतात. पण म्हणून बोअरमध्ये स्वतः काही ओतू नका, ते पिण्याचं पाणी आहे. हे काम भूजल सर्वेक्षणाच्या जाणकारांचं.

या दिवाळीत मी पप्पांना हेवेशी आणि घरमालकीण बाईंची गोष्ट सांगितली. ते हसले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, समजा आपल्या बोअरमध्ये रंग टाकला आणि काकांकडं निघालाच नाही तर? मी म्हटलं, लगेच निकाल द्यायचा नाही. वाट लांबची असेल, किंवा आपण नमुने घेणं लवकर थांबवलं असेल. पण नऊ वर्षं ज्याची खात्री धरून बसलो, ते आपण कधी तपासलंच नाही, एवढं मात्र नक्की.

पप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फराळाचं एक ताट बांधापलीकडं गेलं.