गॅस गीझर, खाणीतले पक्षी आणि स्वतः विषारी वायू हुंगणारा डॉक्टर: कोण होते जॉन स्कॉट हाल्डेन?

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने कल्याण सोडलं की पहिलं स्टेशन लागतं विठ्ठलवाडी. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे या पट्ट्यातला गारठा मुंबईपेक्षा चांगलाच जाणवतो. मग घरोघरी एकच दृश्य दिसतं. चार बाय पाच फुटांचं बाथरूम, भिंतीवर गॅस गीझर, गार वारा नको म्हणून वरची छोटी खिडकी बंद आणि दाराला आतून कडी.

अशा बंद बाथरूममध्ये गीझर पेटला की ज्योत आतलाच ऑक्सिजन वापरते. तो कमी पडायला लागला की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. मार्च 2023 मध्ये घाटकोपरमध्ये धुळवड खेळून आलेलं एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गीझरवरच गेला.

हा वायू माणसाला नेमका कसा मारतो आणि तो आसपास आहे हे वेळेत कळायचं कसं? सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश डॉक्टरने या प्रश्नांचा छडा लावला, तोही स्वतः तो वायू हुंगून. त्यांचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

मध्यरात्री दार ठोठावणारा डॉक्टर

हाल्डेन यांचा जन्म मे 1860 मध्ये एडिंबरोच्या एका खानदानी घरात झाला. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जॉन यांनी 1884 मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना रोग्यापेक्षा रोगी ज्या हवेत राहतो त्या हवेत जास्त रस होता.

डंडी शहरात काम करताना ते सहकाऱ्यांसोबत मध्यरात्रीनंतर गरीब वस्त्यांमध्ये जात. आधी कळवायचं नाही, थेट दार ठोठावायचं. एका खोलीत दाटीवाटीने झोपलेलं कुटुंब, आणि हे बाटलीत तिथली हवा भरून घेणार. दिवसा दार-खिडक्या उघड्या ठेवून घेतलेला नमुना काय कामाचा? माणसं रात्रभर जी हवा घेतात तीच मोजायची, असा त्यांचा हिशेब होता. घरं, शाळा, गटारं अशा सगळ्या ठिकाणची हवा त्यांनी तपासली. 1887 मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथेच स्थायिक झाले.

71 मिनिटं

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी हाल्डेन यांच्या आधीच दाखवून दिलं होतं. हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन वाहून नेण्याचं. पण ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे ते कार्बन मोनॉक्साइडला धरतं. रिक्षा उभी आहे, पण तिच्यात दुसराच कुणी बसलाय आणि उतरायला तयार नाही, असा हा प्रकार. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण मेंदू आणि हृदयापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही.

किती प्रमाण, किती वेळ आणि काय परिणाम, याचे आकडे मात्र कुणाकडे नव्हते. हाल्डेन यांनी ते स्वतःच्या शरीरावर काढले. ठरावीक प्रमाणात वायू मिसळलेली हवा ते नळीतून ओढत, अधूनमधून बोटातून रक्ताचा थेंब काढत आणि त्याचा रंग तपासत. कार्बन मोनॉक्साइड असलेलं रक्त पातळ केलं की गुलाबी दिसतं, तर साधं रक्त पिवळसर. या रंगफरकावरून रक्तात किती टक्के वायू शिरलाय हे मोजायची पद्धत त्यांनी बसवली. एका प्रयोगात तर ते 71 मिनिटं हा वायू घेत राहिले. रक्तातलं जवळपास निम्मं हिमोग्लोबिन निकामी झाल्यावर थांबले. त्यांचा निबंध 1895 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातली घरात राहणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. बसून असताना हाल्डेन यांना फारसं काही जाणवत नव्हतं. उठून चालायला किंवा जिना चढायला गेल्यावर धाप लागायची, छाती धडधडायची, पाय लटपटायचे. आपली विचारशक्ती मंदावली आहे हे त्या क्षणी त्यांनाही पुरतं उमगत नसे, आणि ते तर वही घेऊन तेच पाहायला बसलेले. म्हणजे विषबाधा होत असलेला माणूस हा तिचा सगळ्यात वाईट साक्षीदार. स्टुलावर बसून निवांत अंघोळ करणाऱ्याला गडबड आहे हे कळतं ते उठून कडी काढायला जाताना, आणि तेव्हा पाय साथ देत नाहीत.

1897 मध्ये याचा आणखी एक विदारक दाखला मिळाला. आइल ऑफ मॅन बेटावरच्या स्नेफेल शिशाच्या खाणीत लाकडी आधारांना आग लागून हा वायू साठला आणि कामगार दगावले. चौकशीला उतरलेले खाण निरीक्षक क्लेमेंट ले नेव फॉस्टर स्वतःच त्यात सापडले. आपण मरणार असं वाटून त्यांनी वहीत बायकोला निरोप लिहिला, आणि मग तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. नंतर त्यांना बाहेर काढलं गेलं. हाल्डेन यांचंही काही वेगळं नव्हतं. दुर्घटना झालेल्या खाणीतून वर आले की ते सुखरूप असल्याची तार घरी करत. कधी कधी एकामागून एक तशाच तारा येत, कारण आधीची पाठवल्याचं ते विसरलेले असत. घरच्यांना मग कळायचं की आज स्वारीने पुन्हा वायू घेतलाय.

स्फोटाने नव्हे, नंतरच्या हवेने

27 जानेवारी 1896 रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. 57 जण गेले. लोकांची समजूत अशी की माणसं स्फोटाच्या दणक्याने आणि आगीने मरतात. हाल्डेन तिथे पोहोचले, त्यांनी मृतदेह पाहिले, रक्त तपासलं. बहुतेकांची त्वचा गुलाबी-लाल होती, जिवंत माणसासारखी. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला होता. त्याच वर्षी त्यांनी सरकारला अहवाल दिला.

यातून पुढचा प्रश्न आला. बचावासाठी खाली उतरणाऱ्यांनी हवा विषारी आहे हे ओळखायचं कशावरून? हाल्डेन यांचं उत्तर साधं होतं. लहान प्राण्याचा श्वास भराभर चालतो, त्यामुळे त्याचं रक्त माणसाच्या कितीतरी आधी या वायूने भरतं. उंदीर माणसाच्या सुमारे वीसपट लवकर कोसळतो, असं त्यांना दिसलं होतं. मग उंदीरच सोबत न्यायचा. पुढे उंदराऐवजी कॅनरी पक्षी आले, कारण उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून बसला तर तो झोपलाय की बेशुद्ध पडलाय हे अंधारात कळत नाही. दांडीवरचा पक्षी मात्र धपकन खाली पडतो. भारतात खाणकामाच्या पुस्तकांत याच कामासाठी मुनिया पक्ष्याचं नाव येतं.

ब्रिटनमध्ये 1911 पासून कॅनरी खाणीत नेण्याची रीतच पडली. काही पिंजऱ्यांना वर ऑक्सिजनची छोटी नळकांडी बसवलेली असे. पक्षी पडला की दार लावायचं, ऑक्सिजन सोडायचा, आणि तो पुन्हा उठून बसायचा. यामागेही हाल्डेन यांचाच शोध होता. भरपूर दाबाचा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड घेतलेला उंदीरही तगतो, हे त्यांनी 1895 मध्येच दाखवलं होतं. आज रुग्णालयात या विषबाधेवर ऑक्सिजनच देतात. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा ते दीड तास.

घरातला गॅस

धोका खाणीपुरता नव्हता. त्या काळी ब्रिटनमधल्या घरांत दिव्यासाठी पाइपने येणारा गॅस कोळशापासून बनायचा आणि त्यातच कार्बन मोनॉक्साइड असायचा. तसलाच गॅस 1860च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवरच्या दिव्यांतही जळू लागला होता. नळी गळली तरी विषबाधा. हाल्डेन यांनी या प्रश्नातही लक्ष घातलं.

आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचं तसं नाही, आणि इथेच अनेकांचा घोटाळा होतो. एलपीजीमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो. एलपीजी गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासाने कळतं. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो गॅस अर्धवट जळल्यावर, म्हणजे गळती अजिबात नसताना, सगळं व्यवस्थित चालू असताना. म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण इथे चालत नाही. बंद खोलीत पेटत ठेवलेली कोळशाची शेगडी किंवा घरात चालवलेला जनरेटर हेच करतो. निळ्या ज्योतीच्या जागी पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी ही अर्धवट जळण्याची खूण, पण ती दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

बाकीचं आयुष्य

हाल्डेन यांचा व्याप एवढा मोठा की एका लेखात मावणार नाही. श्वासाचा वेग प्रामुख्याने ऑक्सिजन नव्हे तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे त्यांनी 1905 मध्ये दाखवलं. पाणबुड्यांनी खोल पाण्यातून किती टप्प्यांत वर यावं याचं कोष्टक त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये दिलं. 1915 मध्ये जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर ते आघाडीवर गेले आणि परतून मुखवट्यांवर काम केलं. नोबेल मात्र मिळालं नाही.

मुलगाही यातून सुटला नाही. लहानग्या जॅकला त्यांनी खाणीत नेलं, छताशी मिथेन साठलेल्या जागी उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोराचे पाय गेले. जमिनीलगत हवा चांगली असल्याने तो सावरला. मिथेन हलका असतो हा धडा तो आयुष्यात विसरला नाही. आजच्या पालकांना हे वाचून घाम फुटेल, आणि तो रास्तच आहे. हाच मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. ते 1957 मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

वडील शेवटपर्यंत कामातच राहिले. पंचाहत्तरीत ते इराण-इराकमध्ये तेलाच्या कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करायला गेले. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च 1936 मध्ये ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं.

पक्ष्याची जागा कुणी घेतली?

ब्रिटिश खाणींतले शेवटचे कॅनरी 1986 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी हातात मावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. घरातला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर हा त्यांचाच भाऊबंद. त्यातल्या सेन्सरमध्ये वायूची रासायनिक क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि प्रमाणानुसार भोंगा वाजतो. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग वायू असेल तर यंत्राने तासा-दीड तासात वाजावं लागतं, 300 भाग असतील तर तीन मिनिटांच्या आत.

घेताना नीट पाहावं. स्वयंपाकघरात लावायचा एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म खाली, जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, म्हणून त्याचा डिटेक्टर वर. थेट वाफेत लावला तर सेन्सर खराब होतो, त्यामुळे बाथरूमच्या दाराबाहेरची भिंत बरी. सेन्सर पाच ते दहा वर्षांत निकामी होतो. मुदत मागच्या बाजूला छापलेली असते.

करोनात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर तर मुळीच विसंबू नये. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतं, आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच लाल दिसतं. माणूस बेशुद्ध पडलेला असला तरी पडद्यावर 98 येऊ शकतं. आत कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडून आधी गॅस बंद करायचा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणायचं आणि रुग्णालयात पोहोचल्यावर गॅस गीझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, म्हणजे ते रक्ताची वेगळी तपासणी करतील.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप नेला तर प्रश्न मुळातच मिटतो. विठ्ठलवाडीतल्या एका खोलीच्या घरात तशी जागा नसते, तेव्हा बादली भरेपर्यंतच गीझर चालू ठेवायचा, तोवर दार-खिडकी उघडी ठेवायची, आणि गीझर बंद करून मगच आत जाऊन कडी लावायची.