अमीर हसन यांची तौबा

हिजरी सन 707 मधील शाबान महिन्याची तीन तारीख, वार रविवार. इसवी सन 1308 चा जानेवारी संपत आला होता आणि रमजान जेमतेम चार आठवड्यांवर होता. त्या दिवशी यमुनेकाठच्या गियासपूरला, हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या खानकाहमध्ये पन्नाशी ओलांडलेला एक शायर येऊन बसला. नाव नजमुद्दीन हसन सिजजी. लोक ओळखत अमीर हसन देहलवी म्हणून. फारसी गझलेवर त्यांची अशी हुकमत होती की त्यांना हिंदुस्थानचे सादी म्हटले जाई.

दिल्लीच्या या शायराची कबर आपल्या मराठवाड्यात आहे. जालन्याहून वेरूळला जाताना दौलताबादचा घाट चढला की खुलदाबाद लागते. तिथल्या मोठ्या दर्ग्यांवर गर्दी असते. अमीर हसन यांच्या कबरीपर्यंत थोडेच लोक जातात.

त्यांचा जन्म 1253-54 च्या सुमारास बदायूंचा. अमीर खुसरो त्यांचे जिवलग मित्र. दोघांनी मुलतानला सुलतान बलबनचा मुलगा शहजादा मुहम्मद याच्या पदरी चाकरी केली. 1285 मध्ये मंगोलांशी लढताना शहजादा मारला गेला, खुसरो कैद झाले. हसन यांनी त्या मृत्यूवर गद्यात मर्सिया लिहिला. पुढे दिल्लीला दरबारी कसीदे, फौजेतली नोकरी आणि शायरांच्या मैफिली. आयुष्य असे सरत होते.

त्यांच्या तौबेची एक रंगतदार हकीकत सांगतात. तलावाकाठी दोस्तांसोबत मद्याची मैफल चालली होती, हजरत तिथून गेले, एका नजरेत सगळे पालटले. ही हकीकत फार नंतरच्या पुस्तकातली आहे. हसन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे ते इतके नाट्यमय नाही, आणि म्हणूनच अधिक पटते. पहिल्या दिवशी त्यांना फर्ज नमाज न चुकवण्याची, चाश्तच्या नमाजची आणि चांद्रमासाच्या मधल्या तीन दिवसांच्या रोजांची ताकीद मिळाली. पाप केल्यावर मनापासून परतलेला माणूस आणि कधीच न घसरलेला परहेजगार, दोघांचा दर्जा सारखाच, हेही त्यांनी तिथेच ऐकले. उतारवयात आलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता!

पण ही सवलत फुकटची नव्हती. हजरतांनी तौबेचे तीन भाग सांगितले. केल्याची आज लाज वाटणे हा एक, पुढे ते न करण्याचा निश्चय हा दुसरा. कठीण आहे तो मागच्या काळाचा भाग. कोणाचे दहा दिरहम बळकावले असतील तर नुसते तौबा, तौबा म्हणून भागत नाही, ते दहा दिरहम परत करावे लागतात. कोणाचे मन दुखावले असेल तर त्याच्या दारात जाऊन माफी मागावी लागते.

इबादतीचेही त्यांनी दोन प्रकार केले, लाजिम आणि मुतअद्दी. उर्दू व्याकरणात अकर्मक क्रियापदाला लाजिम म्हणतात आणि सकर्मकाला मुतअद्दी. नमाज, रोजा, हज, तसबीह यांचा लाभ करणाऱ्यापाशीच थांबतो. दुसऱ्याची गरज भागवली, कोणाला सुख दिले, तर क्रिया कर्मापर्यंत पोहोचते आणि त्या सवाबाला मोजमाप नाही. स्वतः हजरत जवळजवळ बारा महिने रोजे धरत. सहेरीच्या वेळी दिल्लीच्या मशिदींत उपाशी झोपलेल्यांची आठवण होई आणि घास घशाखाली उतरत नसे.

हसन हे सारे घरी जाऊन टिपून ठेवत. वर्षभराहून अधिक काळ कोणाला सांगितले नाही, मग भीत भीत कागद हजरतांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि सुटलेल्या जागा स्वतः भरून दिल्या. 1308 ते 1322 या काळातल्या 188 बैठकींचे हे टिपण म्हणजे फवाइदुल फुआद हा ग्रंथ. सूफी संतांच्या संभाषणांची पुस्तके पुढे अनेक निघाली, पण इतके विश्वासार्ह क्वचितच.

या पुस्तकात हसन स्वतःची कच्ची बाजू लपवत नाहीत. एकदा फौजेचा पगार थकला आणि ते खिन्न होऊन बसले. तेव्हा हजरतांनी त्यांना एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. त्याची सगळी मालमत्ता लुटली गेली, तरी तो खुशीत होता, कारण त्याचे जानवे त्याच्याजवळच होते. मुसलमान सरदाराला धीर देण्यासाठी सूफीने ब्राह्मणाच्या निष्ठेचा दाखला द्यावा, हे आज मुद्दाम वाचावे असे आहे.

मुरीद झाल्याच्या आनंदात हसन यांनी आपला गुलाम मलीह याला आझाद केले होते. तोही मुरीद झाला, सेवेत मात्र राहिला. फौज देवगिरीला आली तेव्हा याच मलीहने पाच टंक्यांना एक लहान दासी विकत घेतली. फौज दिल्लीला परतायला निघाली आणि मुलीचे आईबाप रडत आले. मुलगी परत मिळावी म्हणून त्यांनी दहा टंके आणले होते. माणसांची अशी खरेदी-विक्री तेव्हा रीतसर मानली जाई, कोणी बोट ठेवले नसते. हसन यांना राहवले नाही. त्यांनी मलीहला दहा टंके आपल्या पदरचे दिले, मुलगी आईबापांच्या हवाली केली आणि त्यांनी आणलेले दहा टंकेही परत केले. दिल्लीला गेल्यावर आपण बरे केले ना, हे त्यांनी हजरतांना विचारून घेतले. हजरतांनी त्यांची पाठ थोपटली.

1325 मध्ये हजरत गेले, मागोमाग त्याच वर्षी खुसरो गेले. दोनच वर्षांनी मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, तिचे दौलताबाद झाले, आणि सत्तरी ओलांडलेल्या हसन यांना त्याच वाटेने पुन्हा दक्षिणेत यावे लागले. दिल्ली परत दिसली नाही. 1336 च्या सुमारास त्यांचे निधन झाले आणि घाटमाथ्यावर त्यांना दफन करण्यात आले. साडेचारशे वर्षांनी, 1786 मध्ये, अरबी-फारसीचे पंडित गुलाम अली आझाद बिलग्रामी वारले. त्यांची कबरही तिथेच, अमीर हसन यांच्या जवळ आहे. ती जागा त्यांनी हयातीतच पसंत करून ठेवली होती.