सर फिरोजशहा मेहता

पेण, रोहा यांसारख्या गावांची दिवाबत्ती, पाणी व स्वच्छता नगरपरिषदा पाहतात. त्यांचे सभासद निवडण्याचा हक्क नागरिकांचा असतो. मुलांनो, तुम्हांला ही गोष्ट साधी वाटेल. परंतु एके काळी मुंबईकरांनाही हा हक्क नव्हता.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईस झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून ते विलायतेस गेले आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले. त्या वेळी मुंबईचा कारभार सरकारनियुक्त कमिशनर क्रॉफर्ड यांच्या हाती होता. त्यांनी शहर सुधारले खरे, पण पैसा बेसुमार खर्च केला. १८७१ साली लोक त्यांच्यावर खवळले. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी मात्र भरसभेत सांगितले की, दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे. कर देणाऱ्यांनीच आपले प्रतिनिधी निवडावेत. श्रोते त्यांच्यावरच चिडले! तथापि १८७२ च्या कायद्याने चौसष्टांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावे असे ठरले. पुढे १८८८ चा महापालिका कायदा घडविण्यात फिरोजशहांचा मोठा वाटा होता.

१८८४ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते महापालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली. जागा मोठी अडचणीची, दोन रस्त्यांच्या बेचक्यातील. शिल्पकार स्टीव्हन्स यांनी त्या अडचणीचेच सौंदर्य केले. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू नेल्या आणि त्या मिळतात तेथे प्रवेशद्वार व २५५ फूट उंचीचा मनोरा उभारला. टोकदार कमानी युरोपीय धाटणीच्या, तर घुमट आपल्याकडील वळणाचे. दर्शनी भागी मुंबापुरीचे प्रतीक म्हणून पंख असलेली स्त्रीमूर्ती आहे. समोरचे बोरीबंदर स्टेशनही स्टीव्हन्स यांचेच. १८९३ साली इमारत पूर्ण झाली, आणि विशेष हे की, खर्च मंजूर रकमेच्या आत बसला.

येथील सभागृहात फिरोजशहांचा शब्द वजनदार होता. म्हणूनच १९०७ साली काही बड्या गोऱ्या मंडळींनी त्यांना पाडण्याचा कट केला. सोळा जागांच्या त्या निवडणुकीत त्यांचा क्रमांक सतरावा आला. शहरात खळबळ उडाली. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहा सभागृहात परतले. १९११ साली ते पुन्हा अध्यक्ष झाले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा महापालिकेच्या प्रवेशद्वारासमोरच उभा आहे.